पशुवैद्यक परिषदेतले ‘तज्ज्ञ’ नेमके कशाचे तज्ज्ञ असतात? नावापुढची ओळ अशी वाचा

पशुवैद्यक परिषदेची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली, की त्यात वक्त्यांचे फोटो असतात आणि प्रत्येक फोटोखाली दोन-तीन ओळींची पदव्यांची माळ. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., एम.व्ही.एस्सी., पीएच.डी., अमुक विभागाचे प्रमुख, तमुक संस्थेचे माजी संचालक. आपण सगळ्यांना सरसकट ‘जनावरांचे डॉक्टर’ म्हणतो आणि पुढे सरकतो. पण या माळेत बरीच माहिती असते. कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडून घ्यायचं, हे तिच्यावरून कळतं.

अशा पत्रिका नागपुरातून जरा जास्तच निघतात. कारण राज्यातलं पशुवैद्यक शिक्षण आणि संशोधन इथूनच चालतं. नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘माफसू’, २००० साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय नागपुरात आलं. मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथली सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्थाही माफसूच्याच छत्राखाली आहेत. गोरेवाड्याला माफसूचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शिवाय ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ’ची पायाभरणी झाली, तीही नागपुरातच.

आधी ‘डॉ.’चा घोळ सोडवू

पत्रिकेतला प्रत्येक ‘डॉ.’ जनावर तपासणारा असतोच असं नाही. पशुवैद्यक पदवी, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षांची आहे, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश ‘नीट’मधून. ही पदवी आणि परिषदेची नोंदणी असली, की माणूस नावापुढे डॉक्टर लावतो आणि औषधाची चिठ्ठीही लिहू शकतो. पण पीएच.डी. झालेला मत्स्यशास्त्रज्ञ किंवा दुग्धतंत्रज्ञही ‘डॉ.’च असतो. त्याचा विषय मोलाचा, पण तुमच्या म्हशीचा ताप हा त्याचा प्रांत नाही.

गावात तर तिसरा प्रकार भेटतो. पशुसंवर्धनाची पदविका घेतलेले पर्यवेक्षक. लोक त्यांनाही डॉक्टरच म्हणतात आणि रात्री-अपरात्री गोठ्यात तेच आधी पोहोचतात, हे मान्य करायलाच हवं. मात्र भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे त्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवाच देता येतात.

गोरेवाड्यातले वाघ आणि तज्ज्ञांची साखळी

तज्ज्ञांमधला फरक कळायला नागपूरचंच एक प्रकरण पुरेसं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. माणसांशी संघर्ष झाल्यामुळे चंद्रपूर भागातून आणलेले वाघ होते ते. नमुने भोपाळला गेले आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला अहवाल आला: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. पक्ष्यांचा आजार वाघांना! बातमी देशभर गेली आणि राज्यातल्या प्राणिसंग्रहालयांना सावधगिरीचे आदेश निघाले.

आता असा एक आजार उलगडायला किती वेगवेगळी माणसं लागतात ते बघा.

पहिला येतो वन्यजीव पशुवैद्यक. गाईला तपासायचं तर मालक दावं धरून उभा राहतो, वाघाच्या बाबतीत ती सोय नाही. लांबून वजनाचा अंदाज घ्यायचा, त्यावरून भुलीचं औषध ठरवायचं आणि डार्ट मारायचा. डोस कमी पडला तर माणसाच्या जिवावर बेततं, जास्त झाला तर जनावराच्या. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. त्यामुळे वक्त्याच्या परिचयात ‘वन्यजीव’ शब्द दिसला, तर त्याने बचाव केंद्रात किंवा व्याघ्रप्रकल्पात काम केलंय का, एवढं बघून घ्या.

प्राणी मेल्यावर काम सुरू होतं विकृतिशास्त्रज्ञाचं, म्हणजे पॅथॉलॉजिस्टचं. शवविच्छेदन, अवयवांवरचे बदल, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मारल्या गेलेल्या ‘अवनी’ वाघिणीचं शवविच्छेदनही गोरेवाड्यातच झालं होतं. अशा वेळी या माणसाच्या अहवालावर कोर्टकचेरी ठरते. खरं तर हा पशुवैद्यकातला सगळ्यात कमी प्रसिद्धी मिळणारा विभाग. पण भारतीय उपखंडातली गिधाडं का मरतायत, हे कोडं सुटलं ते मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनातूनच. मूत्रपिंडं निकामी झालेली, अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर. अमेरिकेतले पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं, की गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मढ्यातून गिधाडांच्या पोटात जात होतं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली.

तिसरा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. विषाणू कोणता, कोणत्या प्रकारचा, हे तो सांगतो. पण बर्ड फ्लूचा संशयित नमुना कुठल्याही प्रयोगशाळेत उघडून चालत नाही. तो भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातो. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हाही नमुने भोपाळलाच गेले होते. म्हणून वक्त्याच्या परिचयात भोपाळच्या या संस्थेचं नाव दिसलं तर कान टवकारा.

चौथा सार्वजनिक आरोग्यवाला पशुवैद्यक. हा आजार माणसाला होईल का, वाघाला मांस भरवणाऱ्या कर्मचाऱ्याचं काय, खाद्यातली कोंबडी कुठून आली, हे प्रश्न त्याचे. गोरेवाड्यातही संशय खाद्यातल्या कोंबडीवर गेला होता. नागपूर महाविद्यालयात प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या आजारांसाठी ‘सेंटर फॉर झूनोसिस’ आहे. तिथली मंडळी याच जातीच्या प्रश्नांवर काम करतात.

यातला एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. लम्पीच्या वेळी हेच विसरलं गेलं. २०२२ मध्ये ‘लम्पी झालेल्या गाईचं दूध पिऊ नका’ असे मेसेज धडाधड फिरले. लम्पीचा विषाणू माणसाला लागण करत नाही, हे विषाणूशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्यवाले सांगत होतेच. पण फॉरवर्डवर नाव असायचं नुसतं ‘एका डॉक्टरांचं’. कुठले डॉक्टर, कशाचे, कोणी विचारलं नाही.

संस्था आणि पदं

‘आयव्हीआरआय’ म्हणजे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, बरेलीजवळच्या इज्जतनगरची. तिथून एम.व्ही.एस्सी. किंवा पीएच.डी. केलेल्यांचा या क्षेत्रात वेगळा मान असतो. गंमत म्हणजे ही संस्था सुरू झाली १८८९ मध्ये आपल्या पुण्यात, इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने. नंतर ती मुक्तेश्वरच्या डोंगरात हलवली गेली.

माफसूच्या महाविद्यालयाचा प्रमुख ‘सहयोगी अधिष्ठाता’ म्हणवला जातो. नावात ‘सहयोगी’ आहे म्हणून दुय्यम समजू नका, इतरत्र ज्याला प्राचार्य म्हणतात तेच हे पद.

मोठ्या पदामागचा मूळ विषयही बघावा. माफसूचे कुलगुरू म्हणून आलेले डॉ. नितीन पाटील पूर्वी बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्राचे संचालक होते. गाई-म्हशींच्या महाराष्ट्रात उंटवाले कुलगुरू कसे, असं वाटू शकतं. पण त्यांचा विषय पशुपोषण, आणि चाऱ्याचा तुटवडा राजस्थानइतकाच विदर्भालाही ओळखीचा. त्यांच्या आधीचे कुलगुरू डॉ. आशिष पातुरकर सार्वजनिक आरोग्य विषयातले. पद एकच, पण दोघांना विचारायचे प्रश्न वेगळे.

ज्यांचा फोटो शेवटी छापतात ते

पत्रिकेत तळाला बहुधा एखादे ‘पशुधन विकास अधिकारी’ असतात. एमपीएससीतून आलेले, तालुक्याच्या दवाखान्यात बसणारे. माझ्या मते परिषदेत सगळ्यात लक्ष देऊन यांचं ऐकावं. लम्पीत शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत गावोगाव फिरले ते हेच लोक. लस थंड ठेवायची कशी, मालक जनावर लपवतो तेव्हा काय करायचं, पोळ्याच्या तोंडावर बैल गोठ्यातच ठेवा हे शेतकऱ्याच्या गळी कसं उतरवायचं, हे त्यांनाच ठाऊक. यांच्या नावापुढे शोधनिबंधांची यादी नसते, म्हणून त्यांना दहाच मिनिटं मिळतात.

आणि एक ओळ अशी, जी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये: ‘टेक्निकल मॅनेजर’, ‘प्रॉडक्ट मॅनेजर’. हे बहुतेकदा औषध, लस किंवा पशुखाद्य कंपनीत नोकरी करणारे पशुवैद्यक असतात. त्यांचं ज्ञान खोटं नसतं. पुष्कळदा नवीन औषधाची सर्वांत ताजी माहिती त्यांच्याकडेच असते. पण व्याख्यान कासदाहावर असेल आणि शेवटच्या स्लाइडवर एकाच ब्रँडची ट्यूब झळकली, तर तुलना कशाशी केली, दूध किती दिवस विकायचं नाही आणि अभ्यासाचा खर्च कोणी केला, हे तीन प्रश्न हात वर करून विचारा. कोणाला राग येत नाही. आलाच, तर तेही उत्तरच आहे.

एखाद्याच्या पदवीबद्दल शंका वाटली, तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे का ते तपासता येतं. नोंदणी क्रमांक विचारणं हा ग्राहक म्हणून तुमचा हक्क. आणि परिषद, पत्रिका सगळं बाजूला, जनावर आत्ता गोठ्यात आजारी असेल, तर टोल फ्री क्रमांक आहे १९६२.