मानमोडी : परसातल्या कोंबडीचा इतिहास

आजचा विषय जरा विचित्र वाटेल. चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, साग आठवतो, आल्लापल्लीचं जंगल आठवतं. मी बोलणार आहे कोंबडीबद्दल आणि थोडं पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दल. शेवटी वाघही येईल, पण तो कोंबडीच्या मागून येईल.

सुरुवात एका शब्दापासून करू. मानमोडी. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या लोकांनी हा शब्द माणसांच्या रोगासाठी ऐकला होता. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली, आणि मराठी मुलखात लोक तिला मानमोडीची साथ म्हणाले. आज खेड्यात मानमोडी म्हटलं की कोंबड्यांचा रोग समजतात. कोंबडी पंख टाकून बसते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण लागते आणि काही कोंबड्यांची मान पिळल्यासारखी उलटी वळते. चार-सहा दिवसांत खुराडं रिकामं. सरकारी दवाखान्यात याच रोगाला राणीखेत म्हणतात.

शास्त्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे रोग आहेत, विषाणूंची कुळंही वेगळी. पण एक गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना २००५ साली उलगडली, तेव्हा त्याचं पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाशी जवळचं नातं दिसून आलं.

आता प्रश्न असा, की कोंबडीच्या रोगाकडे शास्त्राचं लक्ष गेलं कधी? यासाठी आधी पुण्याला जावं लागेल. आपल्या देशातली पशुरोग संशोधनाची सगळ्यात जुनी प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली, ९ डिसेंबर १८८९ ला, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. नाव इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. सांसर्गिक रोगांचे जंतू भर वस्तीत हाताळणं धोक्याचं होतं. हीच पुढची भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्था.

तिथे काम कशावर चाललं? बुळकांडीवर, म्हणजे गुरांच्या महामारीवर. घोड्यांच्या सर्रा रोगावर. सरळ आहे. बैल मेला तर शेतसारा बुडतो, घोडा मेला तर पलटण अडते. कोंबडी मेली तर कोणाचं काय जातं? कोंबडी होती बाईची, आदिवासीची, गावकुसाबाहेरच्या घराची. तिच्यावर ना सारा, ना पलटण. इज्जतनगरला कुक्कुट संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९३९ साली. पुण्यातल्या त्या पहिल्या प्रयोगशाळेनंतर पन्नास वर्षांनी!

पण त्याआधी रोगच प्रयोगशाळेच्या दारात आला होता. १९२६ साली जावा बेटावर कोंबड्यांची एक भयंकर साथ नोंदली गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टाईन नदीवरच्या न्यूकॅसल शहराजवळ तशीच साथ आली. डॉयल नावाच्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये तिचं वर्णन केलं आणि रोगाला गावाचं नाव पडलं, न्यूकॅसल. आपल्याकडे त्याच सुमारास राणीखेतच्या छावणीच्या गावात कोंबड्या मेल्या. मुक्तेश्वर तिथून जवळ. तिथल्या एडवर्ड्‌सनी रोग तपासला आणि नाव पडलं राणीखेत. एकच रोग, जगात न्यूकॅसल आणि भारतात राणीखेत. त्याच्याआधी आपल्या खेड्यांत कोंबड्यांच्या साथी येतच असणार. पण प्रयोगशाळेजवळ मेलेली कोंबडी इतिहासात जाते आणि भामरागडला मेलेली जात नाही. रोगाला जे नाव पडतं ते बहुधा तो जिथे पाहिला गेला त्या जागेचं असतं, तो जिथून निघाला त्या जागेचं असेलच असं नाही.

पुढचं काम मात्र खरोखर मोठं झालं. १९४० च्या दशकात हॅडो आणि इदनानी यांनी मुक्तेश्वरला हा विषाणू अंड्यातल्या गर्भात पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्याची लस केली. आजही आर-टू-बी या नावाने ती सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्याला पंखाखाली टोचतात. लहान पिल्लांना ती झेपत नाही. त्यांच्यासाठी लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून. लासोटा हे नाव कोण्या शास्त्रज्ञाचं नाही बरं का. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये अ‍ॅडम लासोटा नावाच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांत १९४६ साली हा विषाणू सापडला, म्हणून ते नाव. आपल्याकडे या लसी पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत तयार होतात.

म्हणजे लस तयार होऊन सत्तर-ऐंशी वर्षं झाली. मग एटापल्लीच्या घरात आजही कोंबड्या मानमोडीने का मरतात?

याचं उत्तर लसीच्या बाटलीत आहे. एका बाटलीत शंभर, दोनशे, पाचशे मात्रा असतात. बाटली बर्फावर न्यायची, आणि एकदा द्रव मिसळला की दोन-तीन तासांत संपवायची. पाच हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये हे सोपं आहे. १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती आली, महाराष्ट्रात कुक्कुटपालन हा उद्योग झाला, आणि लस त्या उद्योगाच्या मापाने भरली गेली. माडियांच्या पाड्यावर घरटी सात-आठ कोंबड्या. दिवसभर रानात, संध्याकाळी झाडावर नाहीतर डालग्याखाली. त्यांना पकडायचं तर पहाटे, अंधारात. बाटली फोडायची तर शंभर कोंबड्या एका जागी हव्यात. त्यात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. बर्फ कुठून आणणार? पशुवैद्यकाला मी यात दोष देत नाही. त्याच्या वाट्याला तालुकाभर पसरलेली जनावरं असतात, आणि गाय-बैल सोडून सात कोंबड्यांसाठी दिवस घालवणं त्याला परवडत नाही.

आणि त्या सात कोंबड्या म्हणजे काय, तेही समजून घ्या. ती त्या घरातल्या बाईची बँक आहे. मीठ, तेल, पोराची वही, दवाखान्याला जायचं भाडं, यासाठी आठवडी बाजारात कोंबडी विकली जाते. पाहुणा आला तर कोंबडी, देवाला कोंबडी. गोंड-माडियांच्या पूजेत बळी देण्याआधी कोंबडीपुढे तांदूळ टाकतात. तिने दाणे टिपले तर देवाला ती मान्य. मला यात एक व्यवहारही दिसतो. आजारी पक्षी पहिल्यांदा खाणं सोडतो. पशुवैद्यकही कोंबडी तपासताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की चारा खाते का?

अशा घरात मर लागली की बाई काय करते? उरलेल्या कोंबड्या लगेच विकते. आपण म्हणू, यानेच रोग पसरतो. बरोबर आहे. पण जिची बँक बुडत्येय ती पैसे काढून घेणारच. भरल्या शहरात हेच झालं असतं. रोग पसरायची दुसरी वाट कोंबडबाजाराची. कायद्याने बंदी आहे, तरी धाडीच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पायाला काती बांधलेले कोंबडे दहा गावांतून एका रिंगणात येतात, रक्त सांडतं, आणि जिंकलेला कोंबडा रोग घेऊन घरी जातो. २००४ मध्ये थायलंडमध्ये बर्ड फ्लू आला, त्यानंतर तिथल्या सरकारने झुंजीच्या कोंबड्यांना चक्क पासपोर्ट दिले, कारण हा प्रवास त्यांना दिसत होता.

आता पोपट. पोपटामुळे माणसाला होणारा आजार १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये रिटर नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा वर्णिला. पुढे त्याला सिटॅकोसिस नाव पडलं, म्हणजे पोपटाचा ताप. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून विकायला नेलेल्या पोपटांबरोबर तो युरोप-अमेरिकेत पसरला, वर्तमानपत्रांत घबराट उडाली, आणि त्या घबराटीतून संशोधनाला पैसा मिळाला. पोपट दिवाणखान्यात होता ना! पुढे १९७१ ते ७३ मध्ये कॅलिफोर्नियात न्यूकॅसलची मोठी साथ आली. ती आली आयात केलेल्या पोपटांमधून. काही जातींचे पोपट वरून निरोगी दिसतात आणि वर्षभराहून अधिक काळ अधूनमधून विषाणू बाहेर टाकत राहतात. जवळपास सव्वा कोटी पक्षी मारावे लागले. म्हणजे कोंबडीचा रोग आणि पोपटाचा रोग हे वेगळे विषय नाहीत.

आपल्या जंगलात साधा राघू आहे, करण पोपट आहे, टुई आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणं, पाळणं गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. ढोलीतून काढलेल्या पिल्लांपैकी कितीतरी वाटेतच मरतात. पण त्याचा एक परिणाम असा, की लपवून पाळलेला मिठू आजारी पडला तर मालक त्याला दवाखान्यात नेत नाही. मिरची आणि हरभऱ्याच्या डाळीवर वाढलेला पक्षी जीवनसत्त्व अ कमी पडून खंगतो, मरतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. परसातली कोंबडी आणि चोरून पाळलेला पोपट, दोघंही शास्त्राच्या नजरेबाहेर. एक गरिबीमुळे, दुसरा भीतीमुळे.

आता २००६ कडे येऊ. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला शेडमधल्या कोंबड्या मरायला लागल्या. व्यावसायिक म्हणाले, ही राणीखेत आहे, नेहमीचीच. बघा, राणीखेत इतकी सवयीची झाली होती की नव्या रोगाला लपायला ती जागा होती. लक्षणं मिळतीजुळती, बाहेरून ओळखणं कठीण. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने सांगितलं, हा एच-५-एन-१, बर्ड फ्लू. भारतातला पहिला. मग लाखो पक्षी मारले गेले.

आणि आता वाघ. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मेले. हे वाघ मानव-वन्यजीव संघर्षानंतर चंद्रपूर जिल्ह्यातून तिथे नेलेले होते. जानेवारीत भोपाळचा अहवाल आला, एच-५-एन-१. संशय खाण्यात आलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. त्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यात मांगली गावात कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या आणि तिथेही हाच विषाणू निघाला. आसपासचा भाग बाधित घोषित झाला, पक्षी मारले, विक्री बंद.

या बातम्यांत कोंबडी पहिल्या पानावर आली. पण कधी आली? तिच्यामुळे वाघ मेला असावा असं वाटलं तेव्हा. माणसाला धोका दिसला तेव्हा. नुकसानभरपाईचा नियमही बघा. सरकार जे पक्षी मारतं त्यांचे पैसे मिळतात, रोगाने आधीच मेलेल्यांचे नाही. म्हणजे ज्या बाईने आठ कोंबड्या मेल्याचं सगळ्यात आधी पाहिलं, तिला कळवण्याचं बक्षीस काय? जिवंत उरलेल्या दोन कोंबड्या मारल्या जाणं आणि त्यांचे थोडे पैसे. तिने का कळवावं?

माझं म्हणणं एवढंच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कुक्कुटपक्षी मोजले गेले, त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले. संख्येने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि रोगाच्या इतिहासात जवळजवळ गैरहजर. हे बदलता येतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पीटर स्प्रॅडब्रो यांनी खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठी उष्णता जास्त सोसणारी राणीखेतची लस विकसित केली. आय-टू तिचं नाव. मोझांबिक, टांझानियात गावातल्याच बायकांना शिकवून ती डोळ्यात थेंब टाकून दिली जाते. एक थेंब, एक कोंबडी. माप बदललं की लस पोचते.

गडचिरोलीत आशा कार्यकर्ती घराघरात जाते. तशीच गावातली एक बाई वर्षातून तीनदा पहाटे घरोघरी जाऊन कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब टाकू शकते. याचे दोन फायदे. एक, मानमोडी कमी होईल. दुसरा त्याहून मोठा. लस दिलेल्या गावात तरीही कोंबड्या मेल्या, तर ती बाई म्हणेल, ही नेहमीची मानमोडी नव्हे, काहीतरी वेगळं आहे, आणि दवाखान्यात कळवेल. नवापूरला नेमकी हीच ओळख पटायला वेळ लागला.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा कोणत्याही घरी विचारा, शेवटची मर कधी लागली होती, किती गेल्या? साल सांगतील, महिना सांगतील, कोणत्या कोंबडीपासून सुरू झालं तेही सांगतील. तो इतिहास अजून कोणी लिहून घेतलेला नाही.