दूरस्थ डेटा प्रतिकृती : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९४ ते २०२४)

प्रस्तावना

बँका, शेअर बाजार आणि शासकीय कार्यालये यांचा कारभार ज्या नोंदींवर चालतो, त्या आज वहीखात्यांत नसून मोठ्या साठवण यंत्रणांत, म्हणजेच स्टोरेज ॲरेमध्ये असतात. आग, पूर वा घातपात यांमुळे अशी यंत्रणा नष्ट झाल्यास संस्थेची स्मृतीच नाहीशी होते. हे टाळण्यासाठी दूरच्या दुसऱ्या ॲरेवर त्याच नोंदींची प्रत सतत करीत राहणे यास दूरस्थ प्रतिकृती म्हणतात. तिचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न कायम राहिलेला दिसतो : दोन केंद्रांमधील दुवा तुटला तर काम थांबवावे, की प्रतीशिवाय पुढे न्यावे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने सदर इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

फितीकडून ॲरेकडे

आरंभीच्या काळात दिवसभराच्या नोंदी रात्री चुंबकीय फितींवर उतरवून त्या वाहनाने अन्यत्र नेऊन ठेवल्या जात. या पद्धतीत शेवटच्या फितीनंतरच्या सर्व नोंदी गमावण्याचा धोका असे. अमेरिकेतील ईएमसी कंपनीने १९९० मध्ये सिमेट्रिक्स हा ॲरे आणि १९९४ मध्ये त्यावर आधारित एसआरडीएफ ही सुविधा बाजारात आणली. आयबीएम व हिताची यांनीही अशाच सुविधा विकसित केल्या. प्रत करण्याचे काम आता मुख्य संगणकावर न पडता ॲरे स्वतः करू लागला. समकालिक पद्धतीत प्रत्येक नोंद प्रथम दूरच्या ॲरेवर पोहोचते, तिची पोच परत येते आणि त्यानंतरच नोंद पूर्ण झाल्याचे संगणकास कळविले जाते. त्यामुळे दुवा अखंड असेपर्यंत पूर्ण झालेली कोणतीही नोंद गमावली जात नाही.

अंतराची किंमत

या हमीस निसर्गनियमाची मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. साहजिकच १०० किलोमीटरवरील केंद्राची पोच येण्यास किमान १ मिलिसेकंद लागतो आणि हा विलंब प्रत्येक नोंदीस सोसावा लागतो. म्हणून लांब अंतरासाठी असमकालिक पद्धत अवलंबिली गेली. तीत काम पोचेसाठी थांबत नाही, परंतु दूरची प्रत काहीशी मागे राहते. जवळची प्रत अचूक असते, पण मुख्य केंद्राबरोबरच संकटात सापडू शकते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एकाच महानगरातील दोन केंद्रे परस्परांपासून किती सुरक्षित असतात, हा प्रश्न अशा प्रसंगी सहज उपस्थित होतो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या वित्तव्यवहारासंदर्भात याच पेचाची चर्चा झाली. अमेरिकी नियामकांनी एप्रिल २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत भौगोलिकदृष्ट्या विखुरलेल्या पर्यायी केंद्रांचा आग्रह धरला, मात्र किमान अंतर ठरवून दिले नाही.

दुवा तुटल्यावर

प्रतिकृतीची मांडणी करताना दुवा तुटल्यास काय करावे, हे आधीच ठरवावे लागते. एसआरडीएफमधील ‘डॉमिनो’ आणि हिताचीच्या ट्रूकॉपीमधील ‘फेन्स लेव्हल’ या तरतुदी त्यासाठीच आहेत. लेखन थांबविले तर दोन्ही प्रती जुळलेल्या राहतात, पण कारभार बंद पडतो. लेखन चालू ठेवले तर कारभार चालतो, पण प्रत मागे पडते. यांपैकी काय पत्करावे हे यंत्र ठरवीत नाही. तो निर्णय संस्थेचा असतो.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात याचा प्रत्यय आला. बाजाराच्या खुलाशानुसार मुख्य व नजीकच्या केंद्रांना जोडणारे दोन्ही सेवादात्यांचे दुवे अस्थिर झाले. त्या मार्गावरील खोदकाम व बांधकाम हे त्याचे प्रमुख कारण होते. अशा वेळी मुख्य केंद्रातील साठवण स्वतंत्रपणे चालू राहणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात तीच अनुपलब्ध झाली आणि जोखीम व्यवस्थापन प्रणाली बंद पडली. सकाळी ११.४० ला थांबलेले व्यवहार दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. चेन्नईचे आपत्कालीन केंद्र असूनही व्यवहार तेथे हलविले गेले नाहीत व सेबीने त्याचे कारण विचारले. रक्षणासाठी जोडलेला दुवाच येथे व्यत्ययाचे निमित्त ठरला.

निष्कर्ष

सेबीच्या २०१९ च्या नियमांत शून्य हानीसाठी नजीकचे केंद्र आणि वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात किंवा किमान ५०० किलोमीटरवर आपत्कालीन केंद्र, अशी दुहेरी रचना होतीच. मार्च २०२१ मध्ये तीत काळाची अट कडक झाली : ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे. २ मार्च २०२४ रोजी विशेष सत्र घेऊन प्रत्यक्ष व्यवहार आपत्कालीन केंद्रावर नेऊन पाहण्यात आले. प्रत असणे आणि प्रतीवर विसंबून काम चालविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव या बदलांमागे दिसते. तंत्रज्ञानाने प्रत करण्याचा प्रश्न १९९४ मध्येच बव्हंशी सोडविला होता. संकटसमयी कशाचा त्याग करावा हे आधी ठरविणे आणि तो निर्णय वारंवार पडताळून पाहणे, हे काम मात्र तंत्रज्ञानाने कोणत्याही संस्थेसाठी केलेले नाही.