ठाण्याच्या अस्थी मंगोलांच्या चीनमध्ये

१/ मंगोल साम्राज्याच्या इतिहासात आपले ठाणे कुठे बसते? चौदाव्या शतकात ओदोरिक नावाचा एक इटालियन फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक ठाण्याच्या परिसरातून चार माणसांच्या अस्थी घेऊन थेट मंगोलांच्या चीनमध्ये गेला. त्याची ही कथा. 🧵

२/ चीनपासून इराणपर्यंत मंगोलांची सत्ता पसरली, तेव्हा युरोपने प्रथम दूत आणि मग धर्मप्रचारक पाठवले. १२४५ साली कार्पिनी खुश्कीने निघाला. मोंतेकोर्विनोचा जॉन मात्र समुद्रमार्गे, भारतात थांबून, खानबालिकला (आजचे बीजिंग) पोहोचला. होर्मुझहून भारताच्या किनाऱ्याने चीनला जाणारी हीच ती वाट.

३/ १३२१. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे ठाण्यास उतरले. तेथे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता.

४/ ते एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबात राहिले. घरात पती-पत्नीचे भांडण झाले, पत्नीने काझीकडे दाद मागितली आणि पाहुण्यांना साक्षीसाठी बोलावणे आले. साक्षीचे रूपांतर धर्मविषयक वादात झाले. थॉमसने इस्लामच्या प्रेषितांविषयी कठोर उद्गार काढले. एप्रिलमध्ये चौघांचाही वध झाला.

५/ येथे सावध राहावे. ही हकिकत ख्रिस्ती लेखणीतून आलेली आहे. त्यातील चमत्कारांना श्रद्धेचा पुरावा म्हणता येईल, घटनेचा नव्हे.

६/ त्यांचा सहप्रवासी जोर्दानुस त्या वेळी ठाण्याबाहेर होता. परतल्यावर त्याने मृतदेह सोपाऱ्यास पुरले. पुढे काही काळाने ओदोरिक होर्मुझहून २८ दिवसांत ठाण्याला आला. ज्या जहाजातून तो आला, त्यात लोखंडी खिळा नव्हता. फळ्या दोरीने शिवलेल्या होत्या.

७/ अस्थी घेऊन तो निघाला. वाटेत वारा पडला, तेव्हा एक अस्थी समुद्रात टाकताच वारा सुटला, असे तो सांगतो. उरलेल्या अस्थी त्याने झैतून (आजचे च्वानचौ) येथील फ्रान्सिस्कन मठात ठेवल्या. नंतर खानबालिकमध्ये तो तीन वर्षे राहिला.

८/ १३३० साली पादुआ येथे त्याने आपला प्रवास तोंडी सांगून लिहवून घेतला. त्यात मंगोल खानाच्या दरबाराचे वैभव आहे, तसेच ठाण्याचे प्रचंड उंदीरही आहेत! पुढच्याच वर्षी, जानेवारी १३३१ मध्ये, तो वारला.

९/ एका घरातील भांडण, चार मृत्यू आणि त्यांचे अवशेष चीनमधील मठात. कोकणचे बंदर तेव्हा जगाच्या कडेला नव्हते, भर वाटेवर होते. म्हणूनच मध्ययुगीन महाराष्ट्राचा अभ्यास करताना गडांइतकेच खाड्यांकडेही पाहावे लागते.