‘एडसॅक’वरील उत्तरीय तपासणी : प्रारंभिक आज्ञा आणि स्मृतीतील पुरावा

संगणक बंद पडल्यावर त्याच्या स्मृतीतील मजकूर उतरवून घेण्याच्या पद्धतीस ‘कोअर डंप’ म्हणतात. या नावामुळे ही पद्धत चुंबकीय कड्यांच्या स्मृतीबरोबर जन्मली, असा समज होतो. तो ग्राह्य नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेतील ‘एडसॅक’ने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालविली. त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिस्पंदांची होती, आणि तेथेच ‘पोस्टमॉर्टेम’ या नावाने ही तपासणी रूढ झाली. आपल्याकडील ‘पंचनामा’ हा शब्दही तिला शोभला असता.

तत्पूर्वी यंत्र एकेक आज्ञेने पुढे सरकवीत पडद्यावरील ठिपके वाचावे लागत. एक मनुष्य विचार करीत बसे व इतरांचे काम खोळंबे. खुद्द मॉरिस विल्क्स यांच्या एअरी फलनावरील सव्वाशे ओळींच्या आज्ञावलीत वीसएक चुका निघाल्या होत्या. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात चुकांच्या निदानाची शास्त्रशुद्ध मांडणी केली.

येथे एक पेच होता, व तोच प्रस्तुत लेखकास महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या ३१ प्रारंभिक आज्ञा दूरध्वनी केंद्रातील फिरत्या स्विचांवर कायम जोडलेल्या असत. कळ दाबताच त्या स्मृतीच्या आरंभीच्या जागांत उतरत आणि मग कागदी फीत वाचीत. तपासणीची आज्ञावलीही फितीवरच असल्याने तिलाही याच दाराने यावे लागे. परिणामी त्या जागांतील मूळ मजकूर व संचायकातील अंक पंचनाम्यापूर्वीच पुसले जात. उरलेली स्मृती मात्र शाबूत राही. सारी भिस्त तिच्यावर.

चुंबकीय कड्या आल्या, गेल्या, पेच राहिला. आजच्या ‘यूईएफआय’ या प्रारंभ-प्रणालीत बिघाड होताच प्रक्रियकाच्या नोंदवह्यांतील मूल्ये पुनःप्रारंभापूर्वी सिरियल तारेवरून बाहेर धाडता येतात. बिघाडाच्या आज्ञेच्या पत्त्यातून त्या घटकाचा आधारपत्ता वजा केला की नकाशा-धारिकेत दोषी कार्य सापडते. परंतु ही नोंद करणाऱ्या आज्ञावलीलाही चट्टीसाठी धड स्मृती लागते. तीच बिघडली असेल, तर एक्स८६ प्रक्रियकावर बिघाडातून बिघाड उद्भवून तिसऱ्या खेपेस यंत्र सहसा नव्याने सुरू होते, आणि तारेवर एक अक्षरही उमटत नाही.