दग्धरोग्यांतील जंतुदोषाचे पूर्वनिदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भाजलेला रोगी कशाने दगावतो, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. आणि त्याबरोबर वैद्याने धोक्याची खूण कोठे शोधावी, हेही बदलले. या बदलाचा इतिहास म्हणजेच सेप्सिसच्या, अर्थात सर्वांगव्यापी जंतुदोषाच्या, पूर्वनिदानाचा इतिहास होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळालेल्या त्वचेत उत्पन्न होणारे विष हेच मृत्यूचे कारण, असे पुष्कळ वैद्य मानीत. १९२१ साली अमेरिकेत न्यू हेवन येथील चित्रपटगृहास आग लागली. तेथील रोग्यांचा अभ्यास करून अंडरहिल यांनी शरीरातील द्रवाच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले. शिरेवाटे द्रव देण्याची पद्धत सुधारत गेली, तसे आरंभीच्या आघाताने होणारे मृत्यू घटले. परंतु त्यातून वाचलेले रोगी पुढील आठवड्यांत जंतुदोषास बळी पडू लागले.

१९४० नंतरच्या दशकात ग्लासगो व बर्मिंगहॅम येथे कोलब्रुक यांनी व्रणांतील जंतूंचा पद्धतशीर शोध घेतला. सल्फा औषधे व पेनिसिलिन यांनी स्ट्रेप्टोकोकस जंतूस पायबंद बसला, तरी त्याची जागा स्यूडोमोनासने घेतली. तोपर्यंत निदानाची भिस्त मुख्यतः ज्वर आणि रक्तातील जंतुपरीक्षा यांवर होती. १९६४ साली टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील अमेरिकन सैन्याच्या संस्थेतील टेप्लिट्झ व सहकाऱ्यांनी या जंतूच्या आक्रमणाचा क्रम प्राण्यांवरील प्रयोगांनी स्पष्ट केला. व्रणाखालील जिवंत ऊतकात जंतू शिरणे ही निर्णायक घटना असून, रक्तात ते आढळले नाहीत तरी रोगी दगावू शकतो, असे या संशोधनपरंपरेतून सिद्ध झाले. साहजिकच शोधाचे लक्ष्य रक्ताकडून व्रणाकडे वळले व व्रणाचा तुकडा काढून तपासण्याची पद्धत रूढ झाली.

१९७० साली यांझेकोविच यांनी जळालेली त्वचा लवकर छेदून तेथे कलम करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा प्रसार झाल्यावर व्रणजन्य जंतुदोष कमी झाला. पण फुप्फुसे व शिरेतील नळ्या या मार्गांनी येणारा धोका उरलाच. म्हणून सर्वांगीण लक्षणांकडे पुन्हा वळणे भाग पडले. १९९१ च्या परिषदेने ३८ अंश सेल्सिअसहून अधिक ताप, मिनिटास नव्वदाहून अधिक नाडीचे ठोके, असे निकष ठरविले. परंतु मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रोग्यात ही लक्षणे जंतुदोष नसतानाही आठवडेच्या आठवडे टिकतात. त्यांवर विसंबल्यास प्रत्येक रोग्यास प्रतिजैविके द्यावी लागतील, आणि मग प्रतिकारक्षम जंतू वाढतील. उलट त्यांची उपेक्षा केल्यास उपचाराची घटका निघून जाईल.

या पेचातून २००७ साली अमेरिकन बर्न असोसिएशनने स्वतंत्र निकष मांडले. तापाची मर्यादा ३९ अंश व नाडीची ११० अशी वाढविली. त्यांत रक्तबिंबिकांची घट, रक्तशर्करेची वाढ आणि अन्न न पचणे यांची भर घातली. हे निकष तज्ज्ञांच्या सहमतीचे होते, अंतिम सिद्धांत नव्हेत. तथापि त्यांतील तत्त्व महत्त्वाचे आहे : निरोगी शरीराचे माप दग्धरोग्यास लावता येत नाही. त्याच्या बाबतीत ‘नेहमीचे’ काय, हे प्रथम जाणले, तरच त्यातील बदल वेळीच ध्यानात येतो.