सहा मिळवणारी आज्ञा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस या कॅल्क्युलेटरच्या पोटात झेड-८० प्रोसेसर आहे. त्यावर असेंब्लीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कधी ना कधी यंत्राची द्विमान संख्या दशमानात आणावी लागतेच. शाळेतला उपाय सोपा: दहाने भागत जा, बाक्या उलट्या क्रमाने मांडा. पण झेड-८० ला भागाकार येत नाही. तो वजाबाक्या करकरून घडवावा लागतो. म्हणून मुरलेले लोक डीएए या एका बाइटच्या आज्ञेकडे वळतात.

तिची करामत १३ वर पाहावी. द्विमानात १३ म्हणजे ११०१. डावीकडून एकेक बिट घ्यायचा, आधीच्या संख्येची दुप्पट करून त्यात तो मिळवायचा: १, ३, ६. पुढे सहाची दुप्पट अधिक एक, की ॲक्युम्युलेटरमध्ये षोडशमानातला ‘०डी’ उमटतो. खालच्या चार बिटांत नवापेक्षा जास्त दिसताच डीएए सहा मिळवते आणि ‘०डी’चे ‘१३’ होतात. सहाच का? चार बिटांच्या मांडण्या सोळा, अंक दहा. उरलेल्या सहा ओलांडल्या की हातचा आपसूक वर जातो.

ही आज्ञा आली कुठून? झेड-८० ने (१९७६) ती इंटेलच्या ८०८० कडून (१९७४) उचलली, इथवर सरळ आहे. गंमत पुढे आहे. ८०८० चा थोरला भाऊ ८००८. आणि त्याच्याकडे डीएए नाहीच! त्याच्या आज्ञा डेटापॉइंट २२०० या टर्मिनलसाठी बेतलेल्या होत्या. आणखी मागे, १९७१ च्या ४००४ मध्ये मात्र डीएए सापडते, अगदी याच नावाने. आणि ४००४ जन्मली कशासाठी, तर बिझिकॉम या जपानी कंपनीच्या १४१-पीएफ या छपाई करणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी! तिचे चार बिट म्हणजे नेमका एक दशमान अंक.

मधली पिढी गाळून आज्ञा पुढे गेली कशी? इथे मासातोशी शिमा यांचे नाव घ्यावे लागते. बिझिकॉमचे अभियंते म्हणून त्यांनी फेडेरिको फाजिन यांच्याबरोबर ४००४ वर काम केले, मग इंटेलमध्ये जाऊन ८०८० घडवली आणि पुढे झायलॉगमध्ये झेड-८०. तिन्ही चिपांवर एकच हात फिरला आहे.

यावर आक्षेप तयारच असतो: १९७४ च्याच मोटोरोला ६८०० मध्येही डीएए आहे, तिथे कुठे शिमा होते? आक्षेप वजनदार आहे. अंकांचे खेळ असलेली यंत्रे तेव्हा सगळ्यांनाच विकायची होती. कुणी आयबीएम सिस्टिम/३६० कडेही बोट दाखवतात. पण तिथे आख्खी दशमान बेरीजच एका आज्ञेत होते, आधी द्विमान बेरीज आणि मग डागडुजी असा प्रकार नाही. मोटोरोलाने काहीही केले असो, इंटेलच्या घरात ही आज्ञा तीन वर्षे आधीपासून नांदत होती. माहेर कॅल्क्युलेटरच.

८०८० ची डीएए फक्त बेरजेनंतर चाले. झेड-८० ने ‘एन’ फ्लॅग जोडून वजाबाकीचीही सोय केली. प्रोग्रॅमरांनी तर तिला भलत्याच कामाला जुंपले. षोडशमान अंकात ९०एच मिळवा, डीएए. हातच्यासह ४०एच मिळवा, पुन्हा डीएए. पाच असेल तर ३५एच, दहा असेल तर ४१एच: अनुक्रमे ‘५’ आणि ‘ए’ यांचे आस्की कोड. एकही ‘जर-तर’ नाही. दशमानासाठी घडलेली आज्ञा षोडशमान छापते आहे!

एएमडीने इंटेलच्याच एक्स८६ या प्रोसेसर-घराण्याला ६४ बिटांचे रूप दिले तेव्हा त्या मोडमधून डीएए काढून टाकली. २०१५ च्या टीआय-८४ प्लस सीई कॅल्क्युलेटरमध्ये ईझेड-८० आहे. तिथे ती अजून चालते.