हुकूम एका वाटेने, माल दुसऱ्या

श्रोतेहो, मालवणच्या बंदरात खडक फार. म्हणून एके काळी मुंबईची आगबोट बाहेर समुद्रातच नांगर टाकी, आणि उतारू नि माल पडावातून किनाऱ्याला येई. काय उतरवायचे ते ओरडून सांगायचे, माल मात्र होडीतून आणायचा.

संगणकांचेही तसेच आहे बरे का! एका संगणकातली फाइल दुसऱ्यात कशी न्यावी, याचे नियम एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेत अभय भूषण यांनी लिहिले. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा आपलाच माणूस. नियमांचे नाव एफटीपी. पुढे त्यात दोन वाटा ठरल्या: एकीवरून हुकूम, दुसरीवरून माल.

खोट एवढीच की परवलीचा शब्द उघडा जाई. पोस्टकार्डच म्हणा ना, वाटेत कुणीही वाचावे. तेव्हा संगणक मूठभर, मंडळी ओळखीची. आपल्या वाडीत तरी पूर्वी दाराला कुलूप कोण लावी? पण वाटसरू वाढले. २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स यांनी एफटीपीला निरोप दिला.

गुरुजी, शाळेचे कागद अजून त्याच वाटेने जात असतील, तर एसएफटीपी मागून घ्या. तिच्यात हुकूम आणि माल एकाच बंद पेटीतून जातात.